हसरे गुन्हेगार (६) : लकीला लुटलं कुणी?

चोर पकडला गेला की पोलीस ठाण्यात मुद्देमाल मांडतात आणि फोटोवाल्यांना बोलावतात. तो मुद्देमाल कधी नीट पाहावा, चोराचा स्वभाव त्यात उतरलेला असतो. ‘ओये लकी! लकी ओये!’ या सिनेमातल्या लकीकडच्या मालात टीव्ही आहेत, म्युझिक सिस्टिम आहेत, दागिन्यांचे डबे आहेत, शर्ट तर शेकड्यांनी आहेत. इथवर ठीक. पण त्याच यादीत दोन कुत्री आणि एक ग्रीटिंग कार्डही आहे. चोरीच्या कुत्र्याला गिऱ्हाईक कुठून आणायचं? आणि कार्डाला तर रद्दीवालाही हात लावणार नाही. पैशासाठी चोरणारा माणूस असल्या फंदात पडत नाही. मग हा गडी चोरतो कशासाठी?

गेल्या आठवड्यात आपण दिबाकर बॅनर्जींचा पहिला सिनेमा पाहिला, ‘खोसला का घोसला’ (२००६). त्यात दिल्लीतल्या एका पापभीरू कुटुंबाचा प्लॉट खुराना नावाचा दलाल बळकावतो, सोडायचे पंधरा लाख मागतो आणि अखेर तेच कुटुंब नाटकवाल्यांना हाताशी धरून त्याला टोपी घालतं. २००८ चा ‘ओये लकी’ हा बॅनर्जींचा दुसरा सिनेमा आणि पहिल्याच्या नेमका उलट. तिथे सभ्य माणसं फसवायला शिकतात. इथे अट्टल चोर सभ्य व्हायला निघतो आणि सभ्य माणसंच त्याला साफ करतात. आजच्या भागात या दुसऱ्या डावाची उकल करू.

लकीचं पूर्ण नाव लव्हिंदर सिंग. घर पश्चिम दिल्लीत. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीचा हा भाग वसवला आणि एका पिढीत शून्यातून दुकानं-कारखाने उभे केले. सगळ्यांनाच ते जमलं असं नाही. ज्यांना जमलं नाही, त्यांची घरं जमलेल्यांच्या घरांशेजारीच होती. १९८२ च्या एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं, पाठोपाठ मारुती रस्त्यावर आली. शेजाऱ्याकडे काय आहे, हे तोवर कानावर यायचं. आता ते रोज डोळ्यांना दिसू लागलं. लकी या काळाचा पोरगा. बाप तापट, त्यात घरात दुसरी बाई आणून ठेवलेली. पोराला मोटरसायकल हवी, पोरीवर छाप पाडायची आहे आणि खिशात दमडी नाही. हा किशोरवयातला लकी मनजोत सिंगने केला आहे. त्याचा हा पहिलाच सिनेमा, पण पगडीखालचा तो हावरा, बुजरा, तरी बेरकी चेहरा विसरता येत नाही. फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार त्याला मिळाला तो उगीच नव्हे. पुढे पगडी जाते, केस कापले जातात आणि मनजोतच्या जागी अभय देओल येतो. हावरेपणा तोच, बुजरेपणा मात्र पार गेलेला.

आता त्याची चोरीची रीत. चोरांच्या सिनेमात एक हमखास प्रसंग असतो : टेबलावर नकाशा, भोवती टोळी, कोण कुठे उभं राहणार याची आखणी. प्रेक्षकाला धडधड हवी असते, ती या आखणीतून मिळते. तीनच वर्षं आधी आलेल्या ‘बंटी और बबली’त (२००५) तर ताजमहाल विकण्यापर्यंत मजल गेली होती. तिथली प्रत्येक फसवणूक म्हणजे एक प्रयोग, टाळ्या घेणारा. लकीकडे असलं काही नाही. तो दिवसाढवळ्या येतो, हसतो, दोन शब्द बोलतो, वस्तू उचलतो आणि चालू पडतो. कॅमेराही त्या चोरीचा सोहळा करत नाही. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. रोजची हजेरी लावावी तसा त्याचा धंदा चालतो. विनोद होतो तो या सहजपणामुळे. आपण कुलूप तुटायची वाट बघत असतो आणि दार आधीच उघडं असतं.

ते उघडं का असतं, हे कळायला दिल्लीला जायची गरज नाही. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गेटवर दहा मिनिटं उभं राहा. पार्सल घेऊन आलेल्या पोराला वॉचमन थांबवतो. वहीत नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर, आल्याची वेळ असं सगळं लिहून घेतो आणि वर इंटरकॉमवर विचारतो. तेवढ्यात काळ्या काचांची एखादी गाडी हॉर्न वाजवत येते. वॉचमन धावत जाऊन फाटक उघडतो, जमलं तर सलामही ठोकतो. आत कोण बसलंय, हे त्याने पाहिलेलं नसतं. त्याला पगार चोर अडवायचा मिळतो आणि अडवला जातो गरीब. लकीने हे फार लवकर ओळखलेलं आहे. चांगले कपडे, चढा आवाज आणि ‘मी इथलाच’ हा भाव एवढी हत्यारं त्याला पुरतात. शेकड्यांनी शर्ट कशाला, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ते शर्ट म्हणजे त्याच्या धंद्यातली पहार. मनोशी नाथ आणि रुशी शर्मा यांना या सिनेमाच्या वेशभूषेसाठी फिल्मफेअर मिळालं. एरवी हे पुरस्कार राजवाड्यांना आणि घागऱ्यांना जातात. इथे तो भडक जॅकेटांना आणि गॉगलांना गेला, कारण कथा त्यांच्यावर उभी आहे.

अशा गोडबोल्याची ओळख मराठी प्रेक्षकाला जुनी आहे. सई परांजपे यांच्या ‘कथा’तला (१९८३) बाशू आठवा. श. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून आलेला हा सिनेमा मुंबईच्या चाळीत घडतो आणि फारूख शेखचा बाशू अख्ख्या चाळीला गुंडाळतो. बाशूला मात्र कशाचीच आस नाही. खाऊन-पिऊन पुढचं गाव गाठायचं, एवढंच त्याला ठाऊक. लकीला आत यायचं आहे, बसायचं आहे, ‘या, चहा घेणार?’ असं कुणी तरी विचारायला हवं आहे. कुत्री आणि ग्रीटिंग कार्ड या दोन्ही वस्तू त्या घरांतल्या आहेत, जिथे कुत्रा पाळायला अंगण असतं आणि वाढदिवसाला कार्ड द्यायची पद्धत असते. लकी माल जमवत सुटला आहे तो ते घर उभं करण्यासाठी.

आणि इथेच त्याला लुटणारे भेटतात.

पहिला गोगीभाई. वरून गाण्याबजावण्याचे कार्यक्रम करणारा कलावंत, आतून चोरीचा माल खपवणारा. लकीने जीव धोक्यात घालून आणायचं आणि गोगीने भाव पाडून घ्यायचं, असा व्यवहार. ‘तुला मुलासारखा मानतो’ ही त्याची भाषा आणि हिशेब मात्र चोख स्वतःच्या बाजूचा. दुसरा डॉ. हांडा, जनावरांचा डॉक्टर. कुत्र्याच्या निमित्ताने ओळख होते, ओळखीचा घरोबा होतो. बायको अगत्याची (अर्चना पूरनसिंग यांनी ती झकास केली आहे), घर नेटकं, बोलणं मऊ. लकीला वाटतं, आपण पोचलो. हांडा त्याला रेस्टॉरंटमध्ये भागीदार व्हायला सुचवतो. पैसा लकीचा लागतो आणि धंदा हांडाचा होतो. दार फोडलेलं नाही, खिडकी उचकटलेली नाही, पण लकीची आयुष्यभराची कमाई गेलेली असते.

हांडाने केलं त्याला कायद्यात काय नाव आहे? लकी करतो ती घरातली चोरी. तेव्हाच्या भारतीय दंड विधानात तिच्यासाठी स्वतंत्र कलम होतं, ३८०. हांडाविरुद्ध ४२० लावायचं म्हटलं तर फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता, हे सिद्ध करावं लागतं. भागीदारीत बुडालेला माणूस ठाण्यात गेला की पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते बहुधा असं : ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ लकीला तर तेही दार बंद. मुळात पैसा आला कुठून, या पहिल्याच प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही. हांडाला हे पक्कं ठाऊक आहे. चोराला लुटण्याइतका बिनधोक धंदा दुसरा नाही आणि तो करायला अंगावर सभ्यतेचा कोट असावा लागतो.

तिसरा माणूस लकीचा बाप. त्याने पोराचा पैसा लुबाडलेला नाही, पण घर नावाची गोष्ट त्यानेच हिरावून घेतलेली आहे. बॅनर्जींनी इथे एक धाडस केलं. बाप, गोगी आणि हांडा या तिन्ही भूमिका परेश रावल यांनाच दिल्या. हिंदीत एका नटाने अनेक भूमिका करणं म्हणजे बहुतेक वेळा जुळ्या भावांची गंमत किंवा वेषांतराची कसरत. इथे सिनेमातलं कुणीही ‘हे दोघं किती सारखे दिसतात’ असं म्हणत नाही. ते फक्त आपल्याला दिसतं. लकी ज्या-ज्या माणसात बाप शोधायला जातो, त्या-त्या माणसाला त्याच्या बापाचाच चेहरा आहे.

मराठी रंगभूमीवर याच्या उलटा खेळ फार गाजला. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगमंचावर आलं, पहिला प्रयोगही दिल्लीतच झाला. माधव काझी या खऱ्या भामट्याच्या खटल्यावर ते बेतलेलं होतं. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे अशी एकामागून एक पाच रूपं घेत. तिथे फसवणारा एक आणि चेहरे पाच. फसणारी माणसं साधी, सरळ आणि न्यायालय त्यांच्या बाजूचं. ‘ओये लकी’त फसवणारे तीन आणि चेहरा एक, आणि फसणारा स्वतः चोर. लखोबा पकडला गेला की प्रेक्षक निर्धास्त घरी जायचे. लकी पकडला गेल्यावर तसं घरी जाता येत नाही, कारण डॉ. हांडाचं रेस्टॉरंट चालूच आहे.

हे सगळं रडगाणं न होता हसत-खेळत जातं, याचं बरंचसं श्रेय भाषेला आणि गाण्यांना. पटकथा बॅनर्जींसोबत ऊर्मी जुवेकर यांनी लिहिली. संवाद मनू ऋषी यांचे. लकीचा जोडीदार बंगालीही तेच झाले आहेत आणि संवादांसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. पश्चिम दिल्लीची पंजाबी हेल काढणारी हिंदी त्यांनी जशीच्या तशी उचलली. त्या बोलीत शिवी आणि माया एकाच श्वासात येतात, त्यामुळे धमकीसुद्धा हसवते. संगीत स्नेहा खानवलकर यांचं, इंदूरच्या मराठी घरातल्या मुलीचं. त्या वेळी विशीत असलेल्या स्नेहाने हरियाणातल्या ‘रागिणी’ या लोकगीतांच्या मैफिली पालथ्या घातल्या आणि राजबीर नावाच्या पोरसवदा गायकाचा आवाज आणला. पंजाबचे लोकगायक देसराज लचकानी यांच्याकडून ‘जुगनी’ गाऊन घेतली. लकी अंगावर परदेशी जॅकेट चढवतो आणि मागे धूळभरल्या रस्त्यावरचा आवाज वाजत राहतो. तो कुठून आला आहे, हे त्याला विसरायचं असतं. गाणी ते विसरू देत नाहीत. पुढे ‘गँग्ज ऑफ वासेपूर’साठी (२०१२) स्नेहाने हीच वाट बिहारकडे वळवली.

सगळंच जमलं आहे असं मात्र नाही. लकीची मैत्रीण सोनल (नीतू चंद्रा) शिकलेली, सरळमार्गी म्हणून येते आणि तेवढीच उरते. तिची बहीण डॉली दोनच प्रसंगांत तिच्यावर मात करते. डॉली झाली होती रिचा चढ्ढा, तिचाही हा पहिलाच सिनेमा. पाच वर्षांनी ‘फुकरे’त भोली पंजाबन बनून तिने मनजोत सिंगच्या टोळक्याला सळो की पळो केलं.

सिनेमाचं नशीब मात्र नावाच्या विरुद्ध निघालं. तो प्रदर्शित झाला २८ नोव्हेंबर २००८ ला. त्या दिवशी ताज हॉटेलमध्ये दहशतवाद्यांशी चकमक चालू होती आणि मुंबईत कुणाला थिएटर सुचणार होतं? पुढे टीव्हीवर आणि सीडीवर लोकांनी तो शोधून पाहिला. लोकप्रिय आणि निखळ मनोरंजन करणाऱ्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

लकी ज्याच्यावरून सुचला तो देविंदर सिंग ऊर्फ बंटी हाही कमी नाट्यमय नाही. २०१० मध्ये टीव्हीवाल्यांनी त्याला ‘बिग बॉस’च्या घरात बोलावलं. चोराला समारंभपूर्वक घरात घेण्याचा हा प्रकार दोन-तीन दिवसही टिकला नाही. भांडण झालं आणि त्याला बाहेर काढलं. जानेवारी २०१३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका कडेकोट पहाऱ्याच्या बंगल्यातली गाडी पळवल्याबद्दल तो पकडला गेला, तो आपल्या पुण्यात. दोन्ही वेळा वाहिन्यांनी मनसोक्त बातम्या चालवल्या. सिनेमातही लकी पकडला गेल्यावर टीव्हीवाले असेच जमतात. त्याच्या चोरीचा शेवटचा नफा कमावणारे तेच.

पुढच्या आठवड्यात मुंबईत येऊ. १९ मार्च १९८७ ला ऑपेरा हाउसजवळच्या एका नामांकित सराफी पेढीवर सीबीआयचे ‘अधिकारी’ धाड घालायला आले, आणि पिशव्यांत भरलेले दागिने घेऊन त्यांचा म्होरक्या निघून गेला. त्यावरून आलेला ‘स्पेशल २६’ हा आपला सातवा सिनेमा. लकीला श्रीमंताचा शर्ट लागला होता. या मंडळींनी सरकारचा रुबाब वापरला, आणि सरकारपुढे तर वॉचमनच काय, शेठजीही उठून उभे राहतात.