मालेगावचा सुपरमॅन उडतो कसा?

हडकुळं अंग, निळा पोशाख आणि पुढे लोंबणारी चड्डीची नाडी. हा सुपरमॅन क्रिप्टॉन ग्रहावरून आलाही असेल, पण पोट भरतं ते मालेगावच्या यंत्रमागावर. शफीक शेख त्याचं नाव. खलनायकही असा की त्याला जग जिंकायचं नाही, त्याला पसरवायची आहे घाण आणि तंबाखू! आणि त्याच्याशी लढायला आपला पठ्ठ्या आकाशातून उडत येतो. हसा खुशाल, सिनेमा त्यासाठीच काढलाय. पण हसून झालं की एक प्रश्न उरतो. तो उडतो कसा?

परभणीहून मनमाडकडे जाणारी गाडी धरा, पुढे एसटीनं तासाभरात मालेगाव. शुक्रवारी माग बंद, त्यामुळे शुक्रवार सिनेमाचा. तिथं व्हिडिओ पार्लर चालवता चालवता नासिर शेख सिनेमा करायला शिकला आणि पन्नासेक हजारांत त्यानं ‘मालेगाव के शोले’ काढला. गब्बरची टिंगल गावाला इतकी आवडली की विडंबनपटांची रांगच लागली. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपली खरी, पण तिच्यावर जगली ती ही मंडळी. कॅमेरा फिरवायला सायकल, उंचावरून दृश्य घ्यायला बैलगाडी. सुपरमॅनच्या वेळी तर कॅमेराच पाण्यात पडला. हे सगळं फैझा अहमद खान यांच्या 2008 च्या माहितीपटात आहे. नसतं, तर कुणाचा विश्वास बसला असता?

सायकल आणि बैलगाडी समजली. पण आकाश कुठून आणायचं?

आणलं हिरव्या कापडातून. शफीकला त्यासमोर आडवं धरायचं, हात पुढे, पाठीवरचं लाल कापड फडफडतं ठेवायचं आणि चित्रण करायचं. मग संगणकाला सांगायचं: हिरवं तेवढं काढून टाक. सुपात ज्वारी पाखडताना कोंडा उडून जातो आणि दाणे उरतात ना, तसंच. हिरवं उडालं, शफीक उरला. रिकाम्या जागी आकाश भरा, मालेगावची गच्ची भरा, न्यूयॉर्क भरा.

सोपं वाटतं? जरा थांबा. त्या काळच्या आपल्याकडच्या व्हिडिओत एका चित्राची रुंदी 720 ठिपके, उंची 576. म्हणजे चार लाखांहून जास्त ठिपके. आणि सेकंदाला अशी 25 चित्रं. सुपरमॅन सेकंदभर उडायचा, तर संगणकाला एक कोटीहून जास्त वेळा ठरवावं लागतं: हा ठिपका ठेवू की टाकू?

आणि ठरवायचं कशावरून? प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीनच आकडे असतात. संगणक एवढंच बघतो की हिरवा आकडा बाकी दोघांपेक्षा बराच मोठा आहे का. असेल, तर ठिपका गेला. आता सुपरमॅनच्या छातीवरची पिवळी खूण घ्या. पडद्यावरचा पिवळा रंग लाल आणि हिरवा मिळून होतो. म्हणजे त्या खुणेत हिरवा ठासून भरलेला! मग छातीला भोक पडायला हवं. पडत नाही, कारण तिथं लालही हिरव्याइतकाच जोरात असतो. माणसाची कातडी गोरी असो, सावळी असो की काळी, तिच्यात लाल वरचढ असतो, म्हणून चेहरा वाचतो. पांढऱ्या दातांत तिघेही सारखे, म्हणून दात वाचतात. तीन आकड्यांच्या साध्या वजाबाकीवर अख्खा माणूस सुखरूप बाहेर येतो.

मग निळं कापड का नाही लावलं? सुपरमॅनचा पोशाखच निळा! निळ्यासमोर उभा केला तर उडेल फक्त मुंडकं, हात आणि लाल चड्डी. ही थट्टा नाही. 1978 साली हॉलिवूडनं ख्रिस्तोफर रीव्हला घेऊन खरा ‘सुपरमॅन’ काढला, तेव्हा तिथल्या मंडळींनाही हीच अडचण आली. फिल्मच्या त्या जमान्यात पडदा निळाच वापरत. शेवटी उडण्याच्या दृश्यांसाठी पोशाखच हिरवट छटेचा शिवला आणि नंतर प्रयोगशाळेत रंग सुधारून घेतला.

झोरान पेरिसिक नावाच्या तंत्रज्ञानं तर आणखी एक युक्ती काढली. रीव्हच्या मागे पडदा लावला तो रस्त्यावरच्या फलकांसारख्या चमकणाऱ्या पदार्थाचा, म्हणजे प्रकाश जिथून आला तिथंच परत पाठवणारा. प्रोजेक्टरमधून आकाश टाकलं की ते रीव्हच्या अंगावरही पडायचं, पण पडद्यावर ते इतकं लख्ख दिसायचं की अंगावरचं कॅमेऱ्याला जाणवायचंच नाही. आता प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोघांचेही झूम एकाच वेळी, एकाच मापानं हलवा. मागचं आकाश आहे तेवढंच राहतं आणि रीव्ह मात्र मोठा मोठा होत अंगावर येतो. तो बिचारा जागचा हललेलाही नसतो!

आता नाशिक जिल्ह्याचं नशीब बघा. मालेगाव ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. 1917 साली ‘लंकादहन’मध्ये त्यांनी हनुमानाला पडद्यावर उडवलं. (राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच झाले होते, तो चमत्कार वेगळाच.) त्या काळी हाताशी ना संगणक, ना रंग. कॅमेऱ्याच्या करामती करणाऱ्यांची हुकमी युक्ती होती काळा पडदा. काळ्यावरून प्रकाश येत नाही, त्यामुळे फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. फिल्म मागे गुंडाळा आणि त्या कोऱ्या जागेवर दुसरं काही टिपा.

हीच कल्पना उलटी केली की काय होतं, ते अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका छोट्या टीव्ही वाहिनीनं दाखवलं. 24 नोव्हेंबर 1988 ला तिथं ‘मिस्टरी सायन्स थिएटर 3000’ ही मालिका सुरू झाली. वेड्या शास्त्रज्ञांनी एका माणसाला अंतराळात डांबलंय आणि शिक्षा म्हणून ते त्याला रद्दड जुने विज्ञानपट बघायला लावतात. सोबतीला त्यानंच जोडलेले यंत्रमानव: एकाचं डोकं गोळ्यांच्या यंत्राचं, दुसऱ्याची चोच बोलिंगच्या खेळातल्या प्लास्टिकच्या खुंटीची. पडद्याच्या तळाशी खुर्च्यांच्या आणि या प्रेक्षकांच्या काळ्या सावल्या दिसतात आणि त्या सावल्या सिनेमाभर टोमणे मारत राहतात. युक्ती काय? सगळ्यांना पांढऱ्याशुभ्र पडद्यासमोर बसवा आणि पाठीमागून चित्रण करा. पांढरं काढून टाका, तिथं सिनेमा भरा. काळं राहिलं, तेच प्रेक्षक. खर्चाचं म्हणाल तर काळ्या रंगात रंगवलेले पुठ्ठे. एवढ्यावर जोएल हॉजसनच्या या मालिकेनं 1999 पर्यंत मजल मारली.

त्यांच्या तावडीत सापडलेले सिनेमेही काय एकेक! 1953 च्या ‘रोबोट मॉन्स्टर’मधला परग्रहवासी म्हणजे गोरिलाच्या झुलीवर पाणबुड्याचं शिरस्त्राण घातलेला माणूस. पैसे नव्हते म्हणून. आणि तोही अगदी गंभीरपणे पृथ्वी नष्ट करायला निघालेला.

मला गंमत वाटते ती इथं. मिनियापोलिसची पात्रं गरीब सिनेमाला हसली, मालेगावचा गरीब सिनेमा श्रीमंत सिनेमाला हसला. दोन्ही ठिकाणी हसण्याचं हत्यार एकच: नको तेवढं पुसून टाकणारं. आणि खरं सांगू? मला मालेगावचं हसणं जास्त धाडसाचं वाटतं. दुसऱ्याच्या फसलेल्या सिनेमाखाली बसून टोमणे मारता येतात. स्वतः नाडी लोंबवत हवेत आडवं व्हायला छाती लागते.

पुढे शफीक कर्करोगानं गेला. 2024 साली रीमा कागती यांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ काढला. त्यात आदर्श गौरव नासिर झाला आणि शशांक अरोरा शफीक. म्हणजे मालेगावनं हॉलिवूडची जी नक्कल केली, तिची नक्कल आता मुंबईनं केली. मुंबईच्या कसलेल्या कलाकारांना आणि तंत्रज्ञांना मालेगावसारखं कच्चं काम हुबेहूब करून दाखवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना किती पक्की तयारी करावी लागली असेल!