यंत्र जागें कसें होतें

चूल पेटवितांना कोणी ओंडक्यास एकदम काडी लावीत नाहीं. काडीनें पाचोळा, पाचोळ्यानें काटक्या आणि काटक्यांनीं ओंडका, असा तो क्रम असतो. डॉस नांवाच्या कार्यप्रणालीवर चालणारे जुने संगणक याच रीतीनें सुरू होत. हल्लींच्या मुलांस कळ दाबतांच चित्रांनीं भरलेला पडदा दिसतो. मधल्या पायऱ्या दृष्टीस पडत नाहींत, म्हणून त्या येथें सांगण्याचें योजिलें आहे.

१९९६ च्या सुमारास टोकावड्यास एका शाळेंत आम्ही शिकवीत असतां देणगीदाखल असें एक यंत्र आलें. त्यांत कायमची तबकडी नव्हती. सव्वापांच इंची लवचिक चकती, जिला फ्लॉपी म्हणत, खाचेंत घालून खटका लावावा लागे. तिच्यावर ३६० किलोबाइट, म्हणजे साडेतीन लक्षांहून अधिक रोमन अक्षरें मावत.

वीज मिळते तेव्हां यंत्राचा मेंदू अगदीं कोरा असतो. चकती म्हणजे काय हेंही त्यास ठाऊक नसतें. मात्र एका ठराविक पत्त्यावर प्रथम पाहावयाचें, एवढें त्याच्या घडणींतच असतें. त्या पत्त्यावर वीज गेली तरी न पुसली जाणारी एक चिप असते. तिच्यांतील बायॉस नांवाचा आदेशसंच ही आपली काडी. ती स्मृति मोजते, कळफलक तपासते, आणि सर्व ठीक असल्यास यंत्राकडून एकदां ‘टूं’ असा आवाज करविते. मग ती चकतीचा केवळ पहिला खंड वाचते. हा पाचोळा अवघ्या ५१२ बाइटांचा. पुढील मोठ्या फायली कोठें आहेत, एवढेंच ज्ञान त्यांत मावतें. त्या फायली आल्या कीं डॉस स्मृतींत बसतो, आणि शेवटीं कमांड.कॉम हा कारभारी दाराशीं येऊन उभा राहतो. इंग्रजींत या क्रियेस बूट म्हणतात. स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःस वर उचलावें अशी ती कल्पना आहे. आम्हांस चूल अधिक पटते.

कारभारी आल्याबरोबर तारीख व वेळ विचारी. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसींत वीज बंद असतां चालणारें घड्याळच नव्हतें. आमच्या यंत्रांतही नव्हतें. उत्तर न देतां एंटर दाबल्यास यंत्र १ जानेवारी १९८० हाच दिवस धरून चाले. मग काळ्या पडद्यावर ‘ए’ हें रोमन अक्षर, पुढें बाणाच्या टोकासारखी खूण आणि एक लुकलुकणारी रेघ. पुढें काय करावें याची सूचना नाहीं. डी, आय, आर हीं तीन अक्षरें टंकून एंटर दाबलें कीं फायलींची यादी उतरे. अक्षर चुकलें कीं ‘बॅड कमांड’ असा शेरा मिळे. एका मुलानें एकदां भलतीच चकती घातली, आणि ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ हीं अक्षरें पाहून यंत्र बिघडलें म्हणून त्यास रडूं कोसळलें. वस्तुतः काडी पेटली होती, पाचोळाही पेटला होता, काटक्याच नव्हत्या.

मराठी पोरानें येथें आपलें नांव कसें लिहावें? यावर तोड आपल्या देशांतच निघाली. कानपूरच्या आयआयटींत आरंभ झालेलें जिस्ट हें काम, १९८८ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकनें पुढें नेलें. जिस्ट कार्ड बसविलें कीं डॉसवरील कार्यक्रमांतही देवनागरी टंकतां व वाचतां येई. आज्ञांचे शब्द मात्र रोमनच राहिले. आमच्यापाशीं तें कार्ड नव्हतें. हजेरीपटावरील नांवें रोमन लिपींत उतरवावीं लागत.

पांचव्या इयत्तेचा निकाल असाच टंकीत होतों. निम्म्याहून अधिक गुण भरून झाले होते, चकतीवर उतरविण्याचें तेवढें राहिलें होतें. इतक्यांत वीज गेली. यंत्राची चालती स्मृति विजेवरच जगते. वीज गेली कीं ती कोरी होते. सायंकाळीं वीज परत आल्यावर पुनः काडीपासून आरंभ केला. घाईंत तारखेच्या प्रश्नास नुसतें एंटर दाबलें. त्यामुळें त्या निकालाच्या फायलीवर १ जानेवारी १९८० ही तारीख पडली, आणि त्या दिवशीं वर्गांतील एकाही मुलाचा जन्म झालेला नव्हता.