मणका, हात आणि ‘कट्’ आवाज

पाठदुखीसाठी बाह्यरुग्ण विभागात आलेल्या एका बसचालकाने परवा मोबाइल माझ्यापुढे धरला. चित्रफितीत एक जण टेबलावर झोपवलेल्या माणसाची पाठ दाबत होता, मान झटक्यात वळवत होता आणि दर वेळी ‘कट्’ आवाज येत होता. ‘‘डॉक्टर, यानं दबलेली नस मोकळी होते म्हणतात. करून घेऊ का?’’

या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘हात’ आणि ‘कृती’ या शब्दांवरून हे नाव पडले. १८९५ मध्ये अमेरिकेत, आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर ‘चुंबकीय उपचार’ करीत. त्याच इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वे लिलार्ड यांना अनेक वर्षे नीट ऐकू येत नव्हते. त्यांच्या पाठीतला सरकलेला मणका दाबून बसवताच त्यांना ऐकू येऊ लागले, असे पामर यांनी लिहून ठेवले. अडचण एवढीच, की श्रवणाची नस कानापासून कवटीच्या आतूनच मेंदूत जाते. पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही.

पामर यांनी मात्र त्यावर सिद्धांत उभारला. शरीरात स्वतःला बरे करणारे एक ‘उपजत शहाणपण’ असते आणि ते मज्जातंतूंतून सर्वत्र पोहोचते. मणका किंचित सरकला, की त्याला अडथळा होतो आणि रोग जडतो. अशा सरकण्याला त्यांनी ‘सब्लक्सेशन’ म्हटले. १९१० च्या ग्रंथात तर त्यांनी ९५ टक्के रोगांचे खापर सरकलेल्या मणक्यांवर फोडले.

हा सिद्धांत कसोटीला उतरलेला नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये स्पष्ट केले, की सब्लक्सेशन ही ऐतिहासिक संकल्पना आहे आणि तीच रोगाचे कारण असल्याचा संशोधनात पुरावा नाही. दमा, मधुमेह, रक्तदाब किंवा तान्ह्या बाळाचे रडणे यांवर मणके दाबून घेण्यात म्हणूनच अर्थ नाही. तो ‘कट्’ आवाजही हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवावरचा दाब एकदम घटून वायूची पोकळी तयार होते, तेव्हा तो येतो. बोटे मोडतानाही हेच घडते.

सिद्धांत चुकला म्हणून हातांचा गुण शून्य ठरत नाही. कंबरदुखीसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये औषधांआधी करायचे जे उपाय सुचवले, त्यांत शेक, मालिश, व्यायाम यांच्याबरोबर मणक्यांवरील हस्तोपचारही आहेत. फायदा मध्यम, इतर उपायांइतकाच. शिवाय कंबरेची बरीचशी दुखणी काही आठवड्यांत आपसूक कमी होतात. उसण भरली, की पायाळू माणसाची लाथ खाण्याची आपल्याकडची पद्धत आठवा. उसण उतरते, श्रेय लाथेला मिळते.

खरी काळजी मानेची. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांमधून वर जातात. मानेला जोराचा झटका बसला, तर क्वचित त्यांचे आतले अस्तर फाटते, गुठळी होते आणि पक्षाघात होऊ शकतो. दाढीनंतर सलूनमध्ये मान मोडून घेणाऱ्यांनाही हा धोका आहे. मान वळवल्यानंतर मानेत किंवा डोक्यात अचानक तीव्र वेदना, तोल जाणे, दोन प्रतिमा दिसणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही झाले, तर झोपून वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा.

पायातली ताकद कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, बसण्याची जागा बधिर होणे, ताप, वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग, ठिसूळ हाडे किंवा पडल्यानंतरचे दुखणे यांपैकी काही असेल, तर पाठीला कोणाचा हात लागण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी हवी. आपल्या देशात कायरोप्रॅक्टरांची स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे समोरच्याचे शिक्षण कोणते, हे रुग्णालाच विचारावे लागते.

बसचालकाला तपासले. यांपैकी एकही लक्षण नव्हते. त्याला फिजिओथेरपी विभागात पाठवले, व्यायाम शिकवायला सांगितले आणि अंथरुणाला खिळून राहू नको, असे बजावले. जाताना त्याने विचारले, ‘‘म्हणजे नस दबलेली नाही?’’ ‘‘नाही,’’ मी म्हणालो, ‘‘पाठ थकली आहे. तिला झटका नको, सवय हवी.’’