दारावर डकवलेले समन्स

साखरखेर्डा म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला ऑक्टोबर 1724 ची लढाई आठवते. मुघल दरबाराने दख्खनची सुभेदारी निजामुल्मुल्काकडून काढून परस्पर मुबारिझखानाला देऊन टाकली होती. निजामाने मुबारिझखानाला इथल्या रानात गाठले, ठार केले आणि गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. पुढच्याच वर्षी बादशहाला त्याची दख्खनची सत्ता मान्य करावी लागली. पाठीमागे झालेला निर्णय फिरवायला निजामाकडे फौज होती. आज सिंदखेडराजा तालुक्यातल्या या गावच्या माणसाकडे त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहिता आहे. वकिलांच्या तोंडी असते ते 'ऑर्डर 9, रूल 13', आणि या एका नियमाचा मला वर्षानुवर्षे नाद आहे.

नियम थोडक्यात असा. दावा दाखल होतो, समन्स निघते, प्रतिवादी तारखेला येत नाही, दावा एकतर्फी चालतो आणि हुकूमनामा होतो. तो रद्द करून घ्यायला दोन कारणे चालतात: समन्सची रीतसर बजावणी झाली नव्हती, किंवा हजर न राहायला सबळ कारण होते. अर्जाची मुदत हुकूमनाम्यापासून 30 दिवस. रीतसर बजावणीच झाली नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून 30 दिवस.

खरी गंमत बजावणीत आहे. बेलिफाने समन्स प्रतिवादीच्या हाती द्यावे, सही घ्यावी. तो घरी नसेल, लवकर सापडण्याची शक्यता नसेल आणि त्याचा मुखत्यारही नसेल, तर घरातल्या सज्ञान माणसाला द्यावे. नोकर त्यात धरला जात नाही. 1908 च्या मूळ संहितेत हा सज्ञान माणूस 'पुरुष'च असावा लागे! घरी सासू असो, सून असो, तिच्या हाती दिलेले समन्स मोजले जात नसे. 1976 च्या दुरुस्तीने 'पुरुष वा स्त्री' असे शब्द आले. मला हा बदल फार मोठा वाटतो.

आणि घराला कुलूप असेल तर? साखरखेर्ड्याच्या गल्ल्यांतून हिंडताना अशी दारे मी पाहिली आहेत. माणसे कामधंद्याला पुण्या-मुंबईकडे गेलेली, कडीला गंजलेले कुलूप, चौकटीवर उडालेला रंग. अशा दारावर समन्स डकवण्याआधी बेलिफाने माणसाचा कसून शोध घ्यायला हवा. शिवाय प्रतिवादी त्या घरात एरवी राहत असला पाहिजे. पुण्याला बिऱ्हाड थाटलेल्याच्या गावच्या दारावर कागद लावला, तर बजावणीला तिथेच तडा जातो. डकवल्यावर अहवालात लिहायचे: केव्हा डकवले, कोणत्या परिस्थितीत, घर कोणी दाखवले, कोणासमक्ष डकवले. 'घर बंद, सबब दरवाजाला डकवले' एवढ्या एका ओळीवर कुणाची जमीन जाता कामा नये. अहवालासोबत शपथपत्र नसेल, तर कोर्टाने बेलिफाला शपथेवर तपासलेच पाहिजे. उलटतपासात मी पहिला प्रश्न विचारीन तो याच अहवालावर.

2002 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच पाहिले. प्रतिवादीने समन्स नाकारले असे बेलिफ सांगत होता. मग दाराला का लावले नाही, साक्षीदार कुठे? हुकूमनामा रद्द झाला. कायद्यात एक अडसरही आहे: तारखेची माहिती आणि हजर व्हायला पुरेसा वेळ असेल, तर बजावणीतल्या निव्वळ उणिवेवर सुटका नाही. पण न्यायालयाने बजावले, की 'दावा चालू आहे' ही कुणकुण पुरेशी नाही, सुनावणीची तारीख ठाऊक असायला हवी. गावात कुणकुण सगळ्यांनाच असते, म्हणून हा भेद मला मोलाचा वाटतो.

यामागचा विचार आपल्या विदर्भातल्याच एका न्यायाधीशाने मांडला. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले विव्हियन बोस सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1955 मध्ये कोट्याच्या निवडणूक प्रकरणात त्यांनी लिहिले, की प्रक्रियेचे नियम न्याय सुकर करण्यासाठी असतात, माणसाला अडकवण्यासाठी नव्हे. कुणाचाही निवाडा त्याचे न ऐकता होऊ नये. बोस हे नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे नातू. त्यांचे निकाल वाचायला घेतले की खाली ठेववत नाहीत.

मात्र लपून बसणाऱ्याला माझी सहानुभूती नाही. रजिस्टर पत्र 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परतले, तर कोर्ट बजावणी झाली असे धरू शकते. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलेली नोटीसही मानली. बेलिफ आणि दवंडीशिवाय बजावणी होतच नाही, असे म्हणता येणार नाही, हा त्या निकालाचा रोख. ज्यांचा ठावठिकाणा खरेच लागत नाही, त्यांच्यासाठी वर्तमानपत्रातले जाहीर समन्स आहे. पण मुदत मोजताना ती रीतसर बजावणी धरत नाहीत, हे परगावी गेलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

हुकूमनाम्याची खबर बहुधा अंमलबजावणीच्या दरखास्तीची नोटीस आल्यावरच लागते. त्याच दिवशी वकील गाठावा, बेलिफाच्या अहवालाची नक्कल मागावी आणि माहिती कधी, कशी मिळाली ते शपथपत्रात तारखेनिशी लिहावे. अर्जासोबत अंमलबजावणीला स्थगितीही मागावी. ती आपोआप मिळत नाही. वादीला नोटीस दिल्याशिवाय हुकूमनामा रद्द होत नाही. झाला तरी दावा संपत नाही, पुन्हा सुरू होतो, आणि कोर्ट खर्च भरायला सांगू शकते. अर्ज फेटाळला, तर त्या आदेशावर अपील करता येते.