ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर

ज्योतिर्विद म्हटला की आपल्याला आर्यभट किंवा भास्कराचार्य आठवतात. परंतु हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी एक नाव ठाऊक असावयास हवे. येथून विजापूरकडे जाताना वाटेत लागणाऱ्या नरगुंद येथे १८५४ साली व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म झाला. ते पेशाने शिक्षक होते. बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापकपदही त्यांनी सांभाळले. गणित हीच त्यांची वेधशाळा होती.

त्यांच्यापुढील प्रश्न पंचांगाचा होता. सूर्यसिद्धान्तातील वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. वर्षाकाठी ही चूक क्षुल्लक भासते; परंतु हजार वर्षांत ती दोन दिवसांहून अधिक होते. मग पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ बसेना. केरो लक्ष्मण छत्रे यांनी सुधारणेचा मार्ग आधीच दाखविला होता. केतकरांनी ‘ज्योतिर्गणितम्’ या संस्कृत ग्रंथात युरोपीय ज्योतिषातील सूक्ष्म मूल्ये घेऊन ती आपल्या परंपरेतील पंचांगकर्त्यांस वापरता येतील अशा कोष्टकांत बसविली. राशिचक्राचा आरंभ चित्रा तारकेच्या समोरील बिंदूपासून धरावा, या पक्षाचेही ते समर्थक होते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ च्या अहवालात स्वीकारलेला आरंभबिंदू याच पक्षाशी मिळताजुळता आहे.

१९११ मध्ये फ्रेंच ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. गुरूच्या तीन उपग्रहांच्या गतींत लाप्लासने दाखविलेला संबंध दूरच्या ग्रहांना लावून त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे अनुमान केले. त्यांपैकी एकाचे अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट, तर प्रदक्षिणाकाल सुमारे २४२ वर्षे काढला. फेब्रुवारी १९३० मध्ये टॉमबॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.५ पट आणि काल २४८ वर्षे! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर निवर्तले.

या साम्यास भविष्यकथनाचा विजय म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. केतकरांचा दुसरा ग्रह सापडला नाही. प्लूटोही चंद्राहून लहान निघाला आणि २००६ मध्ये तो खुजा ग्रह ठरला. एक आकडा जुळल्याने मूळ तर्क सिद्ध होत नाही. गणित आकाशाशी पडताळून पाहावे, हीच तर केतकरांची जन्मभराची शिकवण. त्याच कसोटीवर त्यांचा खरा मोठेपणा प्लूटोपेक्षा पंचांगशुद्धीत अधिक दिसतो.