योक की साइडस्टिक?

बोइंगवाले आणि एअरबसवाले वैमानिक एकत्र बसले की वाद गायकीच्या घराण्यांसारखा रंगतो. खरा फरक कळतो तो बोइंगचं ७७७ आणि एअरबसचं ए-३३० शेजारी ठेवल्यावर. दोन्ही लांब पल्ल्याची, दोन इंजिनांची, १९९०च्या दशकात सेवेत आलेली. दोन्ही फ्लाय-बाय-वायर, म्हणजे वैमानिकाचा हात संगणकाला सांगतो आणि पंखांवरच्या पट्ट्यांना हुकूम तारांमधून जातो.

ए-३३० मध्ये कॅप्टनच्या डाव्या हाताशी छोटी साइडस्टिक असते. वळायचं तर ती बाजूला दाबायची, हवा तेवढा कल आला की सोडायची. स्टिक मधोमध परतते, विमान कललेलंच राहतं. विमान संतुलित ठेवणाऱ्या ट्रिमची कटकट संगणकाकडे. ३३ अंशांपुढे मात्र स्टिक धरून ठेवावी लागते, सोडली की कल ३३वर येतो. ६७ अंशांपलीकडे कितीही दाबा, विमान ऐकत नाही. समोर चाकासारखी योक नसल्याने जेवणाचं छोटं टेबल ओढून घेता येतं, आणि लांबच्या रात्री हे सुख किरकोळ नसतं!

७७७ मध्ये समोर जुन्या वळणाची योक. वेग बदलला की ती हाताला जड लागते आणि ट्रिमचं बटण दाबून तो भार उतरवावा लागतो. हा जडपणा मुद्दाम निर्माण केलेला. कल ३५ अंशांपुढे गेला की योक उलट रेटते, पण जोर लावला तर वैमानिकाचंच चालतं. ऑटोथ्रॉटल चालू असताना थ्रॉटलही पुढेमागे सरकत राहतात. एअरबसचे एका खाचेत बसतात आणि इंजिनाची शक्ती बदलली तरी हलत नाहीत.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ७७७च्या दोन्ही योक एकमेकींना जोडलेल्या आहेत. सहवैमानिकाने ओढली की कॅप्टनच्या पुढ्यातलीही मागे येते. एअरबसच्या दोन स्टिक सुट्या. दोघांनी एकदम हलवल्या तर संगणक बेरीज करतो आणि ‘ड्युअल इनपुट’ असा इशारा देतो.

रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए-३३०च्या वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या १ जून २००९ला अटलांटिकवर बर्फाने तुंबल्या. वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला, संरक्षणाच्या मर्यादाही गेल्या. विमान स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल हरपून, कोसळत असताना सहवैमानिकाची स्टिक बराच वेळ मागे ओढलेली होती. शेजाऱ्याच्या हाताला ते जाणवण्याची सोय नव्हती. २२८ जण गेले. दोष एकट्या स्टिकवर टाकणं अन्यायाचं. गोंधळ आणि प्रशिक्षणातल्या उणिवाही तिथे होत्या.

तरीही माझा कौल असा: साइडस्टिक ठेवावी, पण जोडावी. तंत्र तयार आहे. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या गल्फस्ट्रीम जी-५०० या बिझनेस जेटमध्ये दोन्ही साइडस्टिक एकत्र हलतात. एअर इंडियाने ७७७च्या जोडीला आणलेल्या ए-३५० मध्ये मात्र त्या सुट्याच आहेत.