भूवेष्टित सागर आणि छत्तीसगडची तळी

इतिहासाच्या केंद्रस्थानी राजाऐवजी समुद्र ठेवता येतो, हे फेर्नां ब्रोदेल या फ्रेंच इतिहासकाराने १९४९ मध्ये भूमध्य समुद्रावरील ग्रंथाने दाखवून दिले. भाषा, धर्म आणि राजसत्ता यांनी विभागलेले लोकही एका जलाशयाच्या काठी राहून परस्परसंबद्ध जीवनरीती घडवितात, हे त्या दृष्टीचे मर्म होय.

छत्तीसगडास समुद्रकिनारा नाही. तथापि येथील मोठ्या तळ्यांना लोक 'सागर' म्हणतात. भाताचे पीक पावसाच्या लहरीवर अवलंबून. त्यामुळे पाणी साठविणे हा येथील संस्कृतीचा पायाच ठरला. गावात 'छै आगर छै कोरी', म्हणजे सहा विसा आणि वर सहा, अशी १२६ तळी असल्याचे रतनपूर, आरंग इत्यादी ठिकाणी अभिमानाने सांगतात. तळ्याच्या मध्यभागी लाकडी स्तंभ रोवून त्याचे लग्न लावण्याची चाल आहे. अविवाहित तळ्याचे पाणी धर्मकृत्यास चालत नाही, असा समज आहे. स्नान, धुणे, गुरांचे पाणी या नित्य वापरास येथे 'निस्तार' म्हणतात. मराठीत याच शब्दाचा अर्थ सुटका, उद्धार. अनुवादकाने यांपैकी एकच अर्थ उचलला, तर काठावरचे अर्धे जीवन त्याच्या हातून निसटते.

या काठी मराठी माणूसही आला. १७४१ मध्ये भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहिले. सत्ता १८५४ मध्ये संपली, परंतु भाषांचा व्यवहार संपला नाही. पेंड्र्याहून १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' काढणाऱ्या माधवराव सप्रे यांनी पुढे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत. ते महाविद्यालय राणीसागर व बूढासागर यांच्या मध्ये वसले आहे. घरची भाषा मराठी, काव्याची हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीचे कवी व समीक्षक. त्यांना १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

आपले वाङ्मयेतिहास या दोन भावांना दोन कप्प्यांत ठेवतात. कप्पे सोयीचे खरे. परंतु एका घरात उगम पावलेली संवेदना दोन भाषांत कशी वाहिली, हा प्रश्न त्यामुळे कोणत्याच समीक्षेचा उरत नाही. सागराचा इतिहास लिहिणारा दोन्ही काठ पाहतो. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकानेही तेवढे तरी केले पाहिजे.